एम.एड. करायचंय, तर वर्गात बसून

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई चौतीस वर्षांच्या आहेत. बी.एस्सी., बी.एड. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतात. नोकरीला नऊ वर्षं झाली. पतीचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, मुलगी पहिलीत आहे, घरी सासूबाई आहेत. पुढेमागे मुख्याध्यापक व्हावं, नाहीतर अध्यापक महाविद्यालयात शिकवावं, म्हणून एम.एड. (शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) करायची इच्छा जुनी. दीड तासाच्या अंतरावर विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आहे, पण रोज तिथे जायचं तर दोन वर्षं नोकरीचं काय करायचं, हा प्रश्न. दरम्यान ओळखीतल्या एका गृहस्थांनी दूरच्या एका कॉलेजात ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेश करून देण्याची तयारी दाखवली आहे. ‘फी भरा, परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो.’ शाळेतल्या दोघांनी अशीच पदवी घेतली आहे. मुख्याध्यापक म्हणतात, करायचं तर बोभाटा न करता करा. सासूबाई म्हणतात, पोरीची शाळा आत्ता कुठं सुरू झाली, आता आईची कशाला? बाई विचारतात, “डिग्री शेवटी तीच मिळणार. मग रोज जाऊन वर्गात बसण्याचा हट्ट हा माझा वेडेपणा आहे का?” आणि अगदी शेवटी, सहीच्या वर एक ओळ आहे: मागच्या वर्षी शाळेत आंतरवासितेला, म्हणजे शिकवण्याच्या सरावाला, आलेल्या बी.एड.च्या मुलामुलींच्या पाठांना बसताना जेवढं बरं वाटलं, तेवढं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

नमस्कार ताई,

हट्ट वेडेपणाचा नाही. पण तो नेमका कशासाठी धरायचा, हे ठरवल्याशिवाय धरू नका. आणि ती नॉन-अटेंडिंगची वाट मनातून काढून टाका. आधी त्याबद्दल बोलते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने एम.एड. दोन वर्षांचा केला. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला ३६ तास, तात्त्विक विषय आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, क्षेत्रकार्याला ९० टक्के. या नियमावलीत ‘नॉन-अटेंडिंग’ नावाचा प्रकार कुठेही नाही. फक्त शनिवार-रविवार येऊन पूर्णवेळ एम.एड. होतो, असंही काही नाही. म्हणजे ‘हजेरीचं आम्ही बघतो’ याचा अर्थ तुमच्या नावापुढे दुसरं कोणीतरी सही करणार, एवढाच. त्याच दिवशी, त्याच वेळी तुमची खरी सही तुमच्या शाळेच्या मस्टरवर असणार, आणि त्या सहीवर शासनाचा पगार निघणार. उद्या सेवाज्येष्ठतेवरून स्टाफमध्ये वाद झाला, कोणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तर दोन्ही मस्टर शेजारी शेजारी ठेवायला वेळ लागत नाही. तेव्हा खुलासा तुम्हाला द्यावा लागेल. तो मध्यस्थ त्या कागदांवर कुठेच नसेल. तुमच्या दोन सहकाऱ्यांना आजवर कोणी विचारलं नसेल, आणि पुढेही न विचारो. त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण ज्या कामात पुढे जाऊन तुम्ही होतकरू शिक्षकांना वेळेवर या, टाचण स्वतः काढा, दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका असं सांगणार, त्या कामाची सुरुवात खोट्या हजेरीने करू नका. तुम्हाला ते पचणार नाही. पचणार असतं, तर हे पत्रच आलं नसतं.

आता ‘डिग्री शेवटी तीच’ या वाक्याकडे येऊ. तीच खरी, पण कशासाठी? तुमच्या पत्रात मला तीन वेगवेगळ्या इच्छा दिसल्या. पुढेमागे मुख्याध्यापकपद, अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापकी, आणि ती शेवटची ओळ. पहिल्या दोन इच्छांसाठी एम.एड. किती उपयोगाचा, याबद्दल शाळाशाळांत बऱ्याच ऐकीव गोष्टी फिरतात.

माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी एम.एड.ची अट नाही. पदवी, बी.एड., ठरावीक अनुभव आणि सेवाज्येष्ठता यांवर ते ठरतं. तुमच्या पुढे चारजण ज्येष्ठ असतील, तर एम.एड. झाल्याने तुम्ही त्यांच्या पुढे जात नाही. आणि एम.एड. झाला की पगार आपोआप वाढतो, असं धरून तर कधीच चालू नका.

प्राध्यापकीचं गणित याहून अवघड आहे, आणि ते आधीच बघायला हवं. बी.एड. महाविद्यालयात विज्ञान किंवा गणिताचं अध्यापनशास्त्र शिकवायचं असेल, तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि एम.एड.ही ५५ टक्क्यांनी, अशी दोन्हींची गरज असते. त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. आलीच. तुमच्याकडे बी.एस्सी. आहे, एम.एस्सी. नाही. म्हणजे उद्या एम.एड. झाला, तरी ज्या विषयात तुमचा हात बसलाय, त्याच विषयाच्या जागेसाठी तुम्ही पात्र ठरणार नाही. हे तुम्हाला त्या गृहस्थांनी सांगितलं नसणार. दुसरी एक वाट आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा पायाभूत विषयांसाठी शिक्षणशास्त्रातली एम.ए. ५५ टक्क्यांनी आणि सोबत बी.एड. ५५ टक्क्यांनी हीदेखील पात्रता त्याच नियमावलीत दिलेली आहे. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र दूरशिक्षणाने करता येतं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ते आहे. एम.एड. मात्र २०१४ च्या नियमावलीत दूरशिक्षणातून ठेवलेलाच नाही. तेव्हा तुम्हाला फक्त पात्रतेचा कागद हवा असेल, तर तो घरी राहून, नोकरी सांभाळून, खऱ्या सहीने मिळवण्याचा मार्ग उघडा आहे. खोट्या हजेरीच्या एम.एड.ची त्यासाठीही गरज नाही.

राहिली तिसरी इच्छा. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या मते निर्णय तिच्यावरच घ्यायला हवा.

मी बरीच वर्षं अध्यापक महाविद्यालयात शिकवलं. आंतरवासितेच्या काळात एम.एड.चे विद्यार्थी बी.एड.च्या मुलांच्या पाठांना निरीक्षणाला बसत, आणि आम्ही त्यांच्या मागे बसायचो. एका पाठाचं सांगते. सातवीचा वर्ग, पूर्णांक संख्यांचा गुणाकार. छात्राध्यापिका तयारीची होती, फलकलेखन सुंदर, आवाज खणखणीत. तिने विचारलं, “ऋण गुणिले ऋण किती?” वर्ग एका सुरात ओरडला, “धन!” ती म्हणाली, “शाब्बास,” आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, “पण का?” छात्राध्यापिकेने ते ऐकलं. क्षणभर थांबली आणि म्हणाली, “तो नियम आहे.” पाठ वेळेत संपला.

निरीक्षणाला बसलेल्या एम.एड.च्या विद्यार्थ्याने तक्ता भरला. प्रस्तावना, प्रश्नकौशल्य, फळ्याचा वापर, वेळेचं नियोजन, सगळीकडे चांगले शेरे. ते चुकीचेही नव्हते. नंतर व्हरांड्यात तो तिच्याशी बोलायला लागला आणि सगळ्यात आधी त्याने तिला ऋण गुणिले ऋण धन का, हे समजावायला घेतलं. वजा तीन गुणिले दोन, मग गुणिले एक, मग शून्य, मग वजा एक, दर वेळी उत्तर तीनने वाढत जातं, वगैरे. उत्तम समजावलं. ती मान डोलवत राहिली आणि वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या एम.एड.च्या वर्गात व्हरांड्यातल्या याच बोलण्यावर दोन तास चर्चा झाली. इतिहासाची एक विद्यार्थिनी त्या निरीक्षकाला म्हणाली, “सर, तुम्ही त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर दिलंत, पण छात्राध्यापिकेच्या अडचणीला नाही. तिला उत्तर येत नव्हतं, की येत असूनही वर्ग हातातून निसटेल अशी भीती होती, हे तुम्ही विचारलंच नाही.” तो गप्प झाला. मग कोणी म्हणालं, तिला फक्त एवढंच विचारायला हवं होतं की तिसऱ्या बाकावरून काय आलं ते आठवतंय का. मग त्या तक्त्यात मुलांच्या प्रश्नाचं काय झालं यासाठी एकही रकाना का नाही, यावर वाद पेटला. तक्ता शेवटी त्या बॅचने बदलला.

एम.एड.मध्ये शिकायचं ते हे. चांगलं शिकवणं तुम्हाला येतं. शिकवणाऱ्याला शिकताना बघणं, त्याच्याशी त्याच्या चुकीबद्दल बोलणं, आणि स्वतः उत्तर देण्याचा मोह आवरणं, हे वेगळं काम आहे. ते एकट्याने नोट्स वाचून येत नाही. तुम्ही निरीक्षण करताना तुमचं निरीक्षण करणारं कोणीतरी लागतं. दुसऱ्या विषयाची माणसं लागतात, कारण आपल्या विषयात आपल्याला उत्तरं फार लवकर सुचतात. लघुशोधप्रबंधाचंही तसंच. मार्गदर्शकाने तुमचा तिसरा कच्चा खर्डा लाल करून परत दिला की मग कुठे प्रश्न नीट विचारता यायला लागतो.

म्हणून, मागच्या वर्षीचा तो आनंद कशाचा होता, ते स्वतःला विचारा. नव्या मुलांमुळे शाळेत जान आली म्हणून बरं वाटलं असेल, तर तेही खरंच आहे, पण त्यासाठी दोन वर्षं देऊ नका. पाठ संपल्यावर त्या मुलामुलींशी बोलण्यात तुमचा जीव रमला असेल, तर हे शिक्षण तुमच्यासाठी आहे, आणि ते हजर राहूनच करा.

मात्र हजर राहण्याजोगी जागा आहे का, हे स्वतः पाहून घ्या. ‘विद्यापीठाचा विभाग’ किंवा ‘जुनं नावाजलेलं कॉलेज’ एवढ्यावर जाऊ नका. नियमित म्हणवणाऱ्या काही ठिकाणीही वर्ग रिकामे असतात. न कळवता, आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास जा. एम.एड.चा वर्ग कुठे भरतो ते शिपायाला विचारा आणि दारातून बघा. ग्रंथालयात जाऊन मागच्या तीन-चार वर्षांचे लघुशोधप्रबंध काढायला सांगा. शीर्षकं वाचा. ‘इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या अमुक विषयातील संपादणुकीवर तमुक पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ असं एकाच साच्याचं शीर्षक वीसदा दिसलं, फक्त तालुका आणि विषय बदललेला, तर समजा की तिथे प्रश्न विचारायला शिकवत नाहीत. उलट, एखाद्याने एकशिक्षकी वस्तीशाळेत वर्षभर जाऊन लिहिलेलं दिसलं, कोणी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या गळतीवर काम केलेलं दिसलं, तर त्या मार्गदर्शकाचं नाव टिपून घ्या आणि त्यांना भेटा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा: आंतरवासितेत तुमच्यासोबत प्राध्यापक किती वेळा आले? परिषदेची मान्यता त्या वर्षी चालू आहे ना आणि विद्यापीठाची संलग्नता आहे ना, हे दोन्ही कागदावर बघा, तोंडी नको. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एम.एड. सीईटी या प्रवेश परीक्षेतून आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून होतो. बी.एड.ला ५० टक्के लागतात. तुम्हाला अडचण नसावी.

आता नोकरीचं. यात घाई करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण, नियम बदलाच्या वाटेवर आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिषदेने नव्या नियमावलीचा मसुदा जाहीर केला. त्यात पूर्णवेळ एम.एड. एक वर्षाचा आणि नोकरी करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा अर्धवेळ एम.एड. असा प्रस्ताव होता. मसुदा म्हणजे नियम नव्हे. त्यामुळे आज कोणी ‘अर्धवेळ सुरू झालंय’ म्हणून पावती फाडायला सांगितलं, तर त्या कॉलेजला त्या अभ्यासक्रमाची मान्यता असल्याचं पत्र मागा. पण तुमच्यासारख्या बाईंसाठी हा फरक एवढा मोठा आहे की प्रवेश घ्यायच्या वर्षी कोणता नियम लागू आहे, हे परिषदेच्या संकेतस्थळावर बघितल्याशिवाय रजेचा अर्ज लिहू नये.

दुसरं कारण पगाराचं. तुमची नऊ वर्षं झाली आहेत. वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी बारा वर्षांची अर्हताकारी, म्हणजे हिशेबात धरली जाणारी, सेवा लागते. मधे दोन वर्षं बिनपगारी रजा घेतली, तर तो काळ या बारा वर्षांत धरतात का, वेतनवाढीची तारीख पुढे जाते का, सेवाज्येष्ठतेवर परिणाम होतो का, आणि त्या काळात निवृत्तिवेतनाच्या खात्यात काय जमा होतं, हे चार प्रश्न संस्थेमार्फत वेतन पथक कार्यालयाला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तरही लेखी घ्या. स्टाफरूममधलं ‘काही होत नाही हो’ इथे उपयोगाचं नाही. उत्तरं प्रतिकूल आली, तर बारा वर्षं पूर्ण करून, श्रेणी लागू झाल्यावर जाणं शहाणपणाचं. तेव्हा तुम्ही सदतीस वर्षांच्या असाल. एम.एड.च्या वर्गात हे वय अजिबात जास्त नाही. उलट ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षांचा वर्ग आहे, तेच तिथल्या चर्चेत खरं काही आणतात. तोवर मुलगी चौथीत गेलेली असेल, तिचं तिला आवरता येत असेल.

मुख्याध्यापकांचा ‘बोभाटा न करता’ हा सल्लाही पाळू नका. कुठलीही पदवी करायची तर व्यवस्थापनाची पूर्वपरवानगी आधी, आणि पूर्ण झाल्यावर सेवापुस्तकात नोंद. परवानगी नाकारली तर ती लेखी नाकारू दे. तुमच्या जागी दोन वर्षांसाठी गणिताला कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर अर्ज करतानाच सोबत घेऊन जा. गावात बी.एस्सी. बी.एड. झालेल्या, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नियुक्तीची वाट बघत बसलेल्या मुली आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

सासूबाईंच्या बोलण्यात मला विरोध कमी आणि काळजी जास्त ऐकू आली. दुपारी पोरगी शाळेतून आली की तिला कोण बघणार, हा त्यांचा मुद्दा. शेवटी ते त्यांच्याच अंगावर येणार आहे, म्हणून त्यांना विचारायलाच हवं. ‘मला शिकायचंय’ असं सांगण्यापेक्षा सहाची एसटी, घरी यायची वेळ, परीक्षेचे महिने, दुकानातून पती किती वाजता येऊ शकतात, असं सगळं त्यांच्यापुढे मांडा. पतींबद्दल तुम्ही पत्रात फारसं काही लिहिलेलं नाही. त्यांचं मत काय आहे, त्यांना यातलं किती माहीत आहे? दोन वर्षं एका पगाराशिवाय घर चालवायचं, तर खतांच्या हंगामात उधारी वर्षभर अडकते त्याचाही हिशेब त्यांच्यासोबत बसून करावा लागेल.

हे वाचणाऱ्या इतर मुलामुलींसाठी थोडं. तुमचं बी.एड. नुकतंच झालंय, नोकरी लागत नाही म्हणून ‘बसण्यापेक्षा एम.एड. करून टाकू’ असं वाटत असेल, तर माझं मत वेगळं आहे. आधी दोन-तीन वर्षं कुठेही, मानधनावर का होईना, वर्ग घ्या. विषयातली एम.ए. किंवा एम.एस्सी. राहिली असेल तर ती आधी पूर्ण करा. वर्गाचा अनुभव नसताना शिक्षकांना शिकवण्याचं शिक्षण घेतलं, तर चर्चा सगळी पुस्तकी होते. आणि ज्यांना घरची बंधनं कमी आहेत, त्यांनी वसतिगृहात राहायला घाबरू नये. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था महाराष्ट्र-गोव्याच्याही वाट्याची आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची शिक्षण आणि मानसशास्त्र विद्याशाखा आहे. आपल्याकडे पुण्यात विद्यापीठाचा विभाग आहे. निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या शिक्षकांशी रात्री मेसमध्ये जेवताना जे बोलणं होतं, त्यातही खूप शिकणं असतं.

परत तुमच्याकडे. या वर्षी काय करता येईल? येत्या सत्रात आंतरवासितेचे छात्राध्यापक पुन्हा येतील. मुख्याध्यापकांना सांगून त्यांच्या मार्गदर्शक शिक्षिकेची जबाबदारी रीतसर तुमच्याकडे घ्या. प्रत्येक पाठानंतर तुम्ही काय बोललात आणि पुढच्या पाठात त्याचं काय झालं, एवढंच एका वहीत लिहून ठेवा. सत्र संपल्यावर ती वही वाचली की तुम्हाला हे काम आयुष्यभर करायचंय की नाही, हे बरंचसं कळेल. करायचं ठरलं, तर लघुशोधप्रबंधाचा विषयही त्या वहीतच सापडण्याची शक्यता आहे. सोबत एम.ए. शिक्षणशास्त्राला दूरशिक्षणाने प्रवेश घ्यायचा का, याचा विचार करा. मला विचाराल तर घ्या. वाचनाची सवय परत लागेल आणि पायाभूत विषयांची पात्रताही हाताशी येईल.

आणि त्या मध्यस्थ गृहस्थांना या आठवड्यातच नाही म्हणून कळवा. ‘जागा धरून ठेवायला’ म्हणून काही रक्कम दिली असेल तर ती परत मागा, मिळो न मिळो. मूळ गुणपत्रकं किंवा शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्याकडे दिला असेल, तर मात्र पतींना सोबत घेऊन स्वतः जा आणि कागद हातात घेऊनच परत या.